स्क्रीनवरच्या डागाचं कोडं ज्याच्यामुळे सुटतं, तो ब्राऊन मात्र युद्धात अडकून परदेशातच गेला

सकाळी कॉम्प्युटर चालू करावा आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात एक डाग दिसावा. आधी वाटतं, धूळ असेल. मग कापडानं पुसून होतं, नखानं खरवडून होतं, माउसचा बाण त्या डागावरून दहा वेळा फिरवून होतो. शेवटी रिस्टार्ट मारून बघायचं. डाग तिथंच. मग घरात चौकशी बसते, कुणी बोट लावलं आणि कुणी पाणी उडवलं.

ज्यांनी २००० सालाच्या आसपास सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून नेट वापरलंय, त्यांना आणखी एक डाग आठवत असेल. मागं भलंमोठं पोट असलेला मॉनिटर, त्याला चिकटून ठेवलेले दोन स्पीकर आणि स्पीकरच्या बाजूच्या कोपऱ्यात पसरलेला जांभळट-हिरवट डाग. हा डाग पुसून जायचा नाही. पण स्पीकर हातभर लांब सरकवला की फिका व्हायचा. असं का होतं हे कॅफेवाल्याला सांगता यायचं नाही, पण उपाय पाठ असायचा.

त्या उपायामागचं कारण शोधत मागे मागे गेलं की आपण पोचतो १८९७ सालच्या स्ट्रासबर्ग शहरात, एका प्रोफेसरच्या प्रयोगशाळेत. त्या प्रोफेसरनं काचेच्या नळीत प्रकाशाचा एक ठिपका तयार केला होता आणि तो ठिपका तो चुंबकाच्या जोरावर खालीवर हलवत होता. टीव्ही आणि कॉम्प्युटरच्या पडद्याची सुरुवात तिथून झाली.

त्याचं नाव कार्ल फर्डिनांड ब्राऊन. रॉकेटवाला वर्नर फॉन ब्राऊन वेगळा आणि शेव्हर-मिक्सरची कंपनी काढणारा ब्राऊनही वेगळा. हा फिजिक्सवाला. मार्कोनीसोबत नोबेल वाटून घेणारा. मार्कोनीचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं, ब्राऊनचं सहसा येत नाही. पण गंमत बघा, स्क्रीनवर डाग दिसला तर त्याचं उत्तर मार्कोनीकडे सापडत नाही, ब्राऊनकडे सापडतं.

शाळामास्तरानं दगडाला तार टेकवली

ब्राऊनचा जन्म ६ जून १८५० चा. जर्मनीतलं फुल्डा हे त्याचं गाव, वडील कोर्टात नोकरीला. घर साधंच. शाळा गावात झाली, कॉलेजसाठी तो आधी मारबुर्गला गेला आणि तिथून बर्लिनला. १८७२ मध्ये त्यानं डॉक्टरेट मिळवली. विषय होता तारा आणि दांड्या कशा थरथरतात हा. म्हणजे डोळ्यांना नीट न दिसणारी हालचाल पकडायची खोड सुरुवातीपासूनच होती.

डॉक्टरेट झाली, पण प्राध्यापकाची जागा काही लगेच मिळाली नाही. काही काळ त्यानं वुर्झबुर्गला आपल्या गुरूंच्या, म्हणजे गेओर्ग क्विंके यांच्या हाताखाली सहायकाचं काम केलं. मग शिक्षकाची परीक्षा दिली आणि १८७४ मध्ये लायपझिगच्या थॉमस शाळेत मास्तर म्हणून रुजू झाला. ही शाळा जगभर ओळखली जाते ती संगीतकार बाखमुळे, कारण बाखनं तिथं आयुष्यातली पंचवीसेक वर्षं काढली होती. तिथं ब्राऊन पोरांना गणित आणि विज्ञान शिकवायचा. त्यानं लहान मुलांसाठी गणित-विज्ञानाचं एक पुस्तकही लिहिलं.

शाळेतून वेळ मिळेल तेव्हा त्याचे स्वतःचे प्रयोग चालायचे, आणि सामान म्हणजे काय, तर दगड. शिशाचं किंवा लोखंडाचं गंधक असलेले चकाकते खनिज स्फटिक. अशा स्फटिकाला एका बाजूनं धातूचा आधार द्यायचा, दुसऱ्या बाजूनं बारीक तारेचं टोक टेकवायचं आणि वीज सोडून बघायची.

तेव्हाचा नियम साधा होता. तारेतून वीज इकडून सोडा नाहीतर तिकडून सोडा, तेवढीच जाणार. या दगडांनी तो नियम पाळला नाही. एका दिशेनं वीज जास्त जात होती आणि उलट्या दिशेनं कमी. जणू रस्ता एकच, पण जाताना मोकळा आणि येताना टोलनाका.

ब्राऊननं हे १८७४ मध्ये छापलं. ते वाचून लोक काही खूष झाले नाहीत. तार नेमकी कुठं टेकते आणि किती दाबली जाते यावर सगळं अवलंबून असायचं, त्यामुळे दुसऱ्याच्या हातून तोच प्रयोग जमेलच याची खात्री नव्हती. मुख्य म्हणजे असं का होतं, याचं उत्तर ब्राऊनकडेही नव्हतं. ते मिळायला पुढची साठेक वर्षं जावी लागली. निरीक्षण पक्कं होतं, पण कारण सापडलेलं नव्हतं, म्हणून प्रकरण तिथंच बाजूला पडलं.

या दगडांकडे आपण शेवटी परत येणार आहोत. आज तुमच्या मॉनिटरवर जो काळा ठिपका दिसतो त्याचं नातं या दगडांशी आहे.

डोळ्याला न दिसणारी वीज

त्यानंतर ब्राऊनच्या बदल्या सुरू झाल्या. मारबुर्ग, स्ट्रासबर्ग, कार्ल्सरूहे, ट्युबिंगेन. ट्युबिंगेनला त्यानं फिजिक्सची नवीन संस्था उभी केली. १८९५ मध्ये तो स्ट्रासबर्गला परत आला तो तिथल्या फिजिक्स संस्थेचा प्रमुख म्हणून. स्ट्रासबर्ग आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते जर्मनीत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या काळात शहरांमध्ये नवी वीज येत होती. एसी, म्हणजे एका सेकंदात कित्येक वेळा दिशा बदलणारी वीज. आता अडचण अशी, की या विजेचं वागणं बघायचं कसं? काटा असलेला मीटर लावला, तर काट्याला वजन असतं. तो डावीकडं निघेपर्यंत विजेनं दिशा बदललेली असते. विजेच्या तालावर नाचू शकेल अशी वजन नसलेली वस्तू पाहिजे होती.

त्याच सुमारास फिजिक्सच्या जगात काचेच्या नळ्यांचं वेड होतं. नळीतली जवळपास सगळी हवा काढून टाकायची आणि आत मोठ्या व्होल्टेजची वीज सोडायची, की एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किरण निघायचे. त्यांना कॅथोड किरण म्हणायचे. याच नळ्यांशी खेळताना १८९५ मध्ये राँटजेनला एक्स-रे सापडले होते. हे किरण म्हणजे नक्की काय, यावर मोठे मोठे लोक भांडत होते. पण चुंबक जवळ नेला की किरण वाकतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

ब्राऊननं त्या भांडणात पडण्यापेक्षा किरणांना कामाला लावलं. बॉन शहरातल्या फ्रांत्स म्युलर या काच कारागिराकडून त्यानं खास नळी बनवून घेतली. नळीच्या मधोमध बारीक भोकाची चकती, जेणेकरून किरणांचा झोत सुईसारखा बारीक व्हावा. पुढच्या टोकाला अभ्रकाचा पडदा आणि त्यावर किरण आदळले की चमकणाऱ्या खनिजाचा लेप. नळी चालू केली की पडद्यावर प्रकाशाचा एक ठिपका उमटायचा.

मग नळीच्या बाहेर तारेचं वेटोळं ठेवलं आणि त्यातून एसी वीज सोडली. वेटोळं झालं चुंबक, आणि विजेची दिशा बदलेल तशी चुंबकाची दिशा बदलू लागली. ठिपका त्या तालावर खालीवर धावायला लागला. दिवाळीत फुलबाजी जोरात फिरवली की हवेत उजेडाची रेघ दिसते ना, तशी पडद्यावर उभी रेघ दिसली. ती रेघ ब्राऊननं फिरत्या आरशात बघितली. कागदावर पेन खालीवर करत असताना खालून कागद ओढावा, तशी ती रेघ पसरली आणि समोर लाट दिसली. शहरात फिरणाऱ्या विजेची लाट. ती आता डोळ्यांसमोर नाचत होती.

१५ फेब्रुवारी १८९७ रोजी ब्राऊनचा हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इंग्लंडच्या जे. जे. थॉमसननं हे किरण म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण आहेत, हे त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस जाहीर केलं. म्हणजे इलेक्ट्रॉनची ओळख पटण्याआधीच ब्राऊन त्याला पडद्यावर नाचवून मोकळा झाला होता.

आता तो सायबर कॅफेतला डाग

ब्राऊनच्या नळीत सुधारणा होत गेल्या. त्याचा सहायक योनाथन झेनेक यानं ठिपका आडवा सरकवायची सोय केली, म्हणजे फिरत्या आरशाची गरज संपली. ठिपका खालीवर जातो, आडवाही जातो, आणि त्याचा उजेड कमीजास्त करता आला की चित्र तयार. पुढं टीव्हीची पिक्चर ट्यूब आणि पोटवाला मॉनिटर झाला तो याच तत्त्वावर.

त्यामुळे या पडद्यांवरचे डागही याच तत्त्वावर पडायचे.

रंगीत मॉनिटरमध्ये एकाऐवजी तीन झोत असतात. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक. पडद्याच्या मागं बारीक भोकं असलेली धातूची जाळी असते. प्रत्येक झोत आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर आदळावा, यासाठी ती जाळी असते. आता शेजारी स्पीकर ठेवला. स्पीकरमध्ये दणकट चुंबक असतो. ब्राऊनचं वेटोळं जे मुद्दाम करत होतं, तेच स्पीकर नकळत करतो. झोत किंचित वाकतो, लालच्या जागी हिरव्यावर पडतो आणि कोपरा रंग बदलतो.

स्पीकर बाजूला घेतला तरी कधीकधी डाग राहायचा. कारण तोपर्यंत ती जाळी स्वतःच थोडी चुंबक झालेली असायची. त्यावरचा इलाज म्हणजे मॉनिटरच्या मेनूतलं डिगॉस नावाचं बटण. ते दाबलं की धप्प आवाज व्हायचा, चित्र थरथरायचं आणि रंग जागेवर यायचे. पडद्याभोवती गुंडाळलेल्या तारेतून एसी वीज सोडायची आणि ती हळूहळू शून्यावर आणायची, की जाळीतलं चुंबकत्व विरून जातं.

दुसरा एक डाग याहून जुना आणि जास्त चक्रावणारा. सुरुवातीच्या काळातल्या टीव्हीच्या पडद्यावर काही महिन्यांनी बरोबर मधोमध तपकिरी डाग पडायचा. बाहेर कुठं चुंबक नसायचा, काचेवर काही सांडलेलं नसायचं. मग नेमका मध्येच का?

उत्तर पुन्हा ब्राऊनच्या नळीत. नळीतली हवा कितीही काढली तरी थोडे वायूचे कण उरतात आणि त्यांचे आयन होतात. आयन इलेक्ट्रॉनपेक्षा हजारो पटींनी जड. चुंबक हलक्या इलेक्ट्रॉनला पडद्याच्या कडेपर्यंत वळवतो, पण जड आयन त्याला दाद देत नाही. तो सरळ जातो आणि मधोमध आदळतो. रोज तिथंच मार खाऊन तिथला लेप निकामी होतो. कारण समजल्यावर आयनांना वाटेतच अडवणारे सापळे नळीत बसवले गेले, आणि पुढं पडद्यामागं ॲल्युमिनियमचा पातळ थर आला. डाग गेला.

जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बंद केला की मधोमध एक पांढरा ठिपका काही क्षण रेंगाळायचा, तेही आठवत असेल. चित्र आवरलेलं असायचं, ठिपक्याला इकडंतिकडं वळवणारी वेटोळी थांबलेली असायची, पण झोत अजून थोडा चालू असायचा. तो ठिपका म्हणजे ब्राऊननं पहिल्यांदा बघितलेला ठिपका. न वळवलेला.

एकाचं पेटंट घेतलं नाही, दुसऱ्याचं घेतलं

ब्राऊननं या नळीचं पेटंट घेतलं नाही. कशी बनवायची ते छापून टाकलं आणि ज्याला पाहिजे त्यानं बनवावी म्हणून सोडून दिली. ती जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये गेली आणि ब्राऊनची नळी या नावानं ओळखली जाऊ लागली.

तो स्वतः मात्र लगेच दुसरीकडं वळला. बिनतारी संदेशाकडं.

मार्कोनीनं तेव्हा बिनतारी संदेश पाठवून नाव कमावलं होतं. पण त्याच्या यंत्रात एक अडचण होती. ठिणगी थेट अँटेनाच्या वाटेतच पडायची, त्यामुळे जोर वाढवायला मर्यादा यायची. ब्राऊननं ठिणगीचं सर्किट वेगळं काढलं आणि दोन वेटोळ्यांच्या जोडीनं त्यातली ऊर्जा अँटेनाकडे पोचवली. ठिणगी एकीकडं, अँटेना दुसरीकडं. यामुळे जास्त ताकदीचे आणि एका ठरावीक कंपनसंख्येला जुळवलेले संदेश पाठवता यायला लागले. १९०० मध्ये समुद्रकिनाऱ्यावरच्या कुक्सहाफेनपासून हेलिगोलांड बेटापर्यंत, म्हणजे सुमारे ६२ किलोमीटर, संदेश पोचले.

आणि या वेळी ब्राऊननं पेटंट घेतलं. १८९८ मध्ये. त्याच्याभोवती कंपनी उभी राहिली. पुढं १९०३ मध्ये जर्मनीतल्या प्रतिस्पर्धी गटांना एकत्र करून टेलिफुंकन नावाची मोठी कंपनी झाली, त्यात ब्राऊनचं तंत्र होतं.

लायपझिगच्या शाळेतले ते दगडही या काळात कामाला आले. एका दिशेनं वीज सोडणारा स्फटिक बिनतारी लहरी ओळखायला वापरता येतो, हे ब्राऊनच्या लक्षात आलं. इकडं कोलकात्यात जगदीशचंद्र बोस हे त्याच प्रकारच्या खनिजावर काम करत होते. गॅलेना स्फटिकाच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट बोस यांना १९०४ मध्ये मिळालं. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या दगडाला एकदम भाव आला.

१९०९ मध्ये फिजिक्सचं नोबेल मार्कोनी आणि ब्राऊन यांना मिळून जाहीर झालं, बिनतारी तंत्राच्या विकासासाठी. पडद्यावरच्या ठिपक्यासाठी ते नव्हतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी आज त्याची आठवण काढावी, तिच्यासाठी त्याला नोबेल मिळालंच नाही.

साक्ष द्यायला गेला आणि अडकला

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध भडकलं. ब्रिटननं सुरुवातीलाच समुद्राखालून जाणाऱ्या जर्मनीच्या टेलिग्राफ केबल तोडल्या. आता जर्मनीला अमेरिकेशी थेट बोलायचं तर बिनतारी हाच मार्ग उरला. त्यासाठी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर सेव्हिल इथं टेलिफुंकनचं केंद्र होतं.

या केंद्रावर मार्कोनीच्या कंपनीनं पेटंटचा दावा लावला. दावा कंपन्यांचा होता, पण निकाल मार्कोनीच्या बाजूनं लागला असता तर युद्धाच्या ऐन काळात जर्मनीचं हे केंद्र बंद पडण्याची भीती होती. साक्षीला कोण पाहिजे? ज्याच्या तंत्रावर हे उभं आहे तोच माणूस. ब्राऊन तेव्हा ६४ वर्षांचा होता आणि तब्येत चांगली नव्हती. तरी वर्ष संपता संपता तो झेनेकला सोबत घेऊन युद्धाच्या समुद्रातून न्यूयॉर्कला पोचला.

काही महिन्यांचं काम, असंच कुणालाही वाटलं असतं. पण कोर्टाचं काम लांबत गेलं. १९१५ मध्ये सेव्हिलचं केंद्र अमेरिकी नौदलानं ताब्यात घेतलं, म्हणजे ज्यासाठी आला तेही हातचं गेलं. परत जावं तर समुद्रावर ब्रिटिश नौदलाचा पहारा. ब्राऊन ब्रुकलिनमध्ये मुलाच्या आसऱ्यानं राहिला.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतःच युद्धात उतरली. आता ब्राऊन शत्रू देशाचा नागरिक झाला. झेनेकला तर छावणीत ठेवलं गेलं. म्हाताऱ्या, आजारी ब्राऊनला तसं कोंडलं नाही, पण घरी परतायची वाट पुरती बंद झाली. स्ट्रासबर्गची प्रयोगशाळा, विद्यार्थी, नळ्या, सगळं अटलांटिकच्या पलीकडं राहिलं.

२० एप्रिल १९१८ रोजी ब्राऊन ब्रुकलिनमध्ये वारला. वय ६७. युद्ध संपायला अजून सात महिने होते. युद्ध संपलं तेव्हा स्ट्रासबर्ग फ्रान्सकडं गेलं होतं. म्हणजे तो जगला असता तरी ज्या शहरात परत जायचं होतं, ते त्याच्या देशात उरलंच नसतं. त्याची रक्षा १९२१ मध्ये फुल्ड्याला आणली गेली.

ज्या शोधाचं पेटंट घेतलं, त्या शोधाच्या भांडणात त्याची शेवटची तीन-साडेतीन वर्षं गेली. ज्याचं पेटंट घेतलं नाही, तो शोध मात्र कुणालाही न विचारता जगभर पसरला.

नळी गेली, दगड राहिला

ब्राऊन गेल्यानंतर दहाएक वर्षांत टीव्हीचे प्रयोग जोरात सुरू झाले. १९२६ मध्ये जपानच्या केंजिरो ताकायानागीनं ब्राऊनच्या नळीवर जपानी लिपीतलं एक अक्षर उमटवून दाखवलं. जपानी भाषेत या प्रकारच्या पडद्याला आजही बुराउन-कान म्हणतात, म्हणजे ब्राऊनची नळी. आपल्याकडं २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा घराघरात ब्राऊनचीच नळी आली, फक्त आपण तिला पिक्चर ट्यूब म्हणालो. ट्यूब उडाली म्हटलं की घरात सुतक पडायचं, कारण टीव्हीतला सगळ्यात महाग भाग तोच.

मग सपाट पडदे आले आणि नळी भंगारात गेली. वाटेल, की आता ब्राऊनचा संबंध संपला. पण नाही.

फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येकाचे लाल, हिरवा, निळा असे तीन भाग. म्हणजे ६२ लाखांहून जास्त बारीक खिडक्या, आणि आजच्या एलसीडी पडद्यात प्रत्येक खिडकीला एक ट्रान्झिस्टर, जो वीज कधी सोडायची आणि कधी अडवायची ते ठरवतो. ट्रान्झिस्टरचा पहिला नमुना डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये तयार झाला, तो जर्मेनियमच्या स्फटिकावर धातूची टोकं टेकवून. लायपझिगच्या मास्तरानं १८७४ मध्ये स्फटिकाला तार टेकवली होती, त्याच घराण्यातला हा प्रयोग.

यातला एखादा ट्रान्झिस्टर किंवा त्याची जोडणी बिघडली की तो पिक्सेल ऐकेनासा होतो. कायमचा काळा दिसला तर तो डेड पिक्सेल. सतत लाल, हिरवा किंवा निळा दिसला तर तो अडकलेला पिक्सेल. नळीच्या काळात डाग झोत भलतीकडं गेल्यामुळे पडायचा, आता पिक्सेलमधली वीज अडल्यामुळे पडतो.

मग डाग दिसला तर करायचं काय? ब्राऊननं नळीसमोर बसून जे केलं तेच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ठिपका हलतो का बघायचं.

सगळ्यात आधी स्क्रीनशॉट काढा आणि तो मोबाईलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्ये डाग दिसला तर मॉनिटर निर्दोष आहे, गडबड सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राफिक्स कार्डमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ निघाला तर दोष पडद्यात किंवा केबलमध्ये. मग केबल बदलून बघा. जमलं तर तोच कॉम्प्युटर दुसऱ्या मॉनिटरला जोडा. डाग सोबत आला तर कॉम्प्युटर बघा, मागं राहिला तर मॉनिटर.

त्यानंतर पूर्ण पडदा एकाच रंगाचा करा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा, असे एकामागून एक. टाचणीच्या टोकाएवढा, कडा रेखीव असलेला ठिपका असेल तर पिक्सेल. मोठा, धूसर, कडा विरलेला डाग असेल तर पडद्यामागच्या प्रकाशाच्या थरात गडबड, आतली धूळ किंवा कधीतरी पडलेला दाब. अडकलेला पिक्सेल भराभर रंग बदलणारा व्हिडिओ चालवल्यावर कधीकधी सुटतो, कधी नाही. बोटानं दाबून बघायचा मोह मात्र टाळा, एका ठिपक्याचे दहा व्हायला वेळ लागत नाही. वॉरंटी असेल तर बिल शोधा आणि किती डेड पिक्सेलवर मॉनिटर बदलून मिळतो ते वाचा, कारण प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा असतो.

आणि घरात अजून पोटवाला मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर आधी आसपासचे स्पीकर आणि चुंबक लांब करा. मागचं झाकण मात्र उघडू नका. आत वीस हजारांहून जास्त व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते.

ब्राऊनला आयुष्यात टीव्ही बघायला मिळाला नाही आणि कॉम्प्युटर तर त्याच्या कल्पनेतही नसेल. त्याला फक्त न दिसणारी वीज डोळ्यांनी बघायची होती. नळीचा हक्क त्यानं कधी सांगितला नाही, आणि दगडाचं महत्त्व पुरतं कळलं तेव्हा तो नव्हता. पुढच्या वेळी पडद्यावर डाग दिसला की कापड शोधण्याआधी स्क्रीनशॉट काढा. फुल्ड्याचा तो मास्तर असता तर त्यानंही आधी हेच तपासलं असतं, की ठिपका नक्की आहे कुठं.